टबातले पाणी अर्धा तास थांबले

संपादक महाशय आणि वाचकहो, आधी क्षमा मागतो. आमच्या घरात छापण्यासाठी म्हणून कधी कोणी काही लिहिलेले नाही. वडील सहीपुरते शिकलेले, आई तेवढेही नाही. कॉलेजात जाणारा मीच पहिला, आणि तिथेही वर्गात उभे राहून उत्तर द्यायची वेळ आली की माझा आवाज बसतो. अशा माणसाने तुमच्या मासिकाची पाने अडवावीत की नाही, या विचारात पुष्कळ दिवस गेले. तीनदा कागद पुढे घेतला आणि तीनदा घडी घालून ठेवून दिला. पण ही गोष्ट मनात ठेवून अभ्यास होत नाही, म्हणून लिहितो आहे. भाषेच्या चुका दिसल्या तर सुधारून घ्याव्यात.

दुसरे असे की, मी असल्या गोष्टी मानणारा नव्हे. कुंभारी गावी आमच्या चुलत्यांच्या मळ्यातल्या विहिरीवर काहीतरी दिसते असे लहानपणापासून ऐकत होतो. मॅट्रिकच्या सुटीत मुद्दाम भर दुपारी जाऊन तिथे तासभर बसलो. काही दिसले नाही, उन्हाने डोके मात्र दोन दिवस दुखले. तेव्हा पुढे जे लिहितो ते कोणाला पटवायचे म्हणून नाही. जसे घडले तसे सांगतो...

आमचे घर सोलापुरात, बाळीवेशीच्या आत. दोन खोल्या, मागे लहानसे अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याची न्हाणी. अप्पा — म्हणजे माझे वडील — एका मिलमध्ये फिटर आहेत. घरात कानडीही चालते, म्हणून आईला आम्ही अव्वा म्हणतो. माझी थोरली बहीण गौरा, म्हणजे अक्का, वैरागला दिलेली. मी पुण्याला इंटरच्या वर्गात. गोष्ट गेल्या उन्हाळ्याच्या सुटीतली आहे.

त्या आधीच्या मार्गशीर्षात अक्का माहेरी आली होती ती चार दिवसांसाठी म्हणून. इथे तिला विषमज्वर झाला. सव्वा महिन्याने ताप उतरला, पण पाय गेले. गुडघ्याखाली बधिर. टाचेला सुई टोचली तरी कळत नसे. तिची अडीच वर्षांची मुलगी नीला वैरागलाच आजीजवळ होती, ती तिथेच राहिली. अक्काचे सासरे आडतीचा धंदा करतात. माणसे वाईट नव्हेत, पण त्यांनी स्पष्ट निरोप पाठवला होता : सून चालायला लागली तर तिचे घर तिला आहे. नाही झाली तर मुलाचे दुसरे लग्न करावे लागेल, आणि नात आमच्याकडेच राहील. पांगळ्या आईपाशी पोर कशी ठेवायची?

निरोप ऐकून अक्काने तोंड भिंतीकडे केले. एरवी ती घरात सगळ्यांत जास्त बोलणारी.

एका डॉक्टरांनी उपाय सांगितला होता. रोज अर्धा तास सोसेल इतक्या गरम पाण्यात कमरेपर्यंत बसवायचे आणि पाण्यातच पाय हलवायचे. पाण्यात वजन हलके होते, म्हणून हलतील. बधिर नसा हळूहळू जाग्या होतात, पण अर्धा तास पुरा पाहिजे आणि पाणी गार होता कामा नये. आता आमच्यासारख्यांच्या घरी माणूस बसेल एवढे भांडे कुठले? अप्पांना मिलच्या भंगारात एक टब दिसला. कोणी साहेब विलायतेला परत गेला, त्याच्या बंगल्यातला. बिडाचा, आतून पांढरा मुलामा, आणि खाली वाघाच्या पंजासारखे चार पाय. अप्पांनी स्टोअरकीपरकडे हात जोडून तो मागून घेतला आणि चार गड्यांनी हातगाडीवरून आणला. सगळी गल्ली बघायला. शेजारचे नरसय्यामामा विणकर, त्यांनी तर गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "फिटर, ह्यात पोरीला कशाला बसवता? आमाला द्या की, एका दमात आख्ख्या मागाचं सूत रंगवतो," म्हणाले. अक्का ओट्यावरून म्हणाली की मामा, आधी मी ह्या होडीतून विलायतेला जाऊन येते, मग तुमचं सूत.

पण टबाला एक खोड होती. पाणी जायची जी पितळी नळी तळाशी बसवलेली असते, ती किटून चिरली होती. कितीही चिंध्या कोंबा, पाव तासात निम्मे पाणी मोरीत. आणि पाणी म्हणजे काय ते सोलापूरकराला सांगायला नको. उन्हाळ्यात गल्लीतला नळ सकाळी तासभर. अव्वा तेवढ्यात आठ हंडे भरायची, बंबात तापवायची. ते ओतून अक्काला बसवावे तो पाणी चाललेले. पुन्हा ओतायला असायचे कुठे? अक्का रिकाम्या टबात ओले लुगडे सावरत बसायची आणि हसून म्हणायची, "होडी बुडली न्हाय, नदीच पळाली." अव्वा मात्र हसत नसे.

अशातच वैरागहून निरोप आला की येत्या रविवारी सासरे बाजाराच्या कामाने सोलापुरात येणार आहेत, तेव्हा सुनेला बघून जातील. बघून जातील म्हणजे काय ते आम्ही सगळेच समजलो. हातात पाच दिवस होते.

अप्पांनी मधल्या सुटीत लेथवर नवी नळी तयार केली. जाड पितळेची, वर पसरट गोल कडा, खाली आटे आणि आवळायची चकती, आणि खालच्या तोंडाला फिरवून लावायचे बूच. सगळे एकात एक, सुटे काही नाही. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी जुनी नळी छिन्नीने काढली. टबाच्या तळाला दोन बोटे सहज जातील एवढे गोल भोक राहिले. नव्या नळीच्या कडेखाली लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, भरून त्यांनी ती बसवली, खालून चकती आवळली आणि सांगितले, "शुक्रवार सांजंपातूर कुणी पाणी घालायचं न्हाय. लांबीतलं त्याल सुकू द्या. मग बघा, थेंब जातोय का."

बुधवारी सकाळी अव्वा न्हाणी झाडायला गेली आणि टबात भोकाभोवती तांबडी कडी बघून जागच्या जागी उभी राहिली.

मिलमध्ये वाफेच्या नळाचे सांधे बसवताना फिटर लोक जवसाच्या तेलात शेंदूर कालवून त्याची लांबी करतात. तीच त्यांची रीत. शेंदूर म्हणजे शिशाचीच भुकटी, हे मी केमिस्ट्रीत वाचले होते. पण अव्वाच्या लेखी शेंदूर एकाच ठिकाणी लावतात.

ती ओरडली नाही. भाकरी थापायला बसली आणि अप्पा पाळीआधी जेवायला बसल्यावर तव्याकडे बघत म्हणाली, "दगडाला शेंदूर लावला की तितं देव येतो. तुमी मोरीला लावला. आता त्याच्या डोक्यावर पोरीचं पाय धुवायचं व्हय?"

अप्पा म्हणाले, पिंपावर इंग्रजीत रेड लेड लिहिलेले असते, देव लिहिलेले नसते. त्यांनी आजवर हजार सांधे ह्यानेच बसवले, मग मिलमध्ये हजार देव आहेत काय? अव्वा म्हणाली असतील, म्हणून तर मिल चालते. अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "सांग की रं तुज्या आईला. कॉलेजात एवढं बी शिकवत न्हाईत?" मी काहीतरी पुटपुटलो. काय ते मलाही आठवत नाही. अप्पा तसेच अर्धे जेवून पाळीवर गेले.

मग अव्वा माझ्याजवळ आली. आधीच पोरीचे पाय देवाने धरून ठेवलेत, त्यात आणखी पाप नको, एवढेच म्हणाली. दुसरे काहीतरी लावता येत नाही का, असे तिने विचारले. मला एकदम आठवले की रंगारी सफेदा वापरतात, तोही शिशाचाच, पण पांढरा. मी म्हणालो, "मी करतो अव्वा. आजच होईल."

इथे माझी चूक झाली. आजच होईल म्हणजे बसवून होईल, सुकायला पुन्हा तीन दिवस लागतील, हे मी बोललो नाही. अप्पांच्या माघारी त्यांचे काम उकरायचे या धास्तीने मला बोलणेच नको होते. अव्वा शेजारी पीठ द्यायला गेली तेव्हा मी टबाखाली शिरलो, चकती फिरवून काढली, नळी वर ओढून घेतली, आणि चाकूने खरवडून शेंदराचा कण न कण काढला. मुलामा पांढरा स्वच्छ झाला. नळी पिशवीत घातली, सफेदा नीट मापाने घ्यावा म्हणून, आणि मागच्या दाराने बाजारात गेलो. दुकानदार जेवायला गेला होता. मी त्याच्या फळीवर बसून राहिलो. सफेदा आणि तेल घेऊन परतलो तेव्हा दुपार चढली होती.

मागचे दार ढकलले तो न्हाणीतून अक्काचा आवाज आला. ती कानडीत आकडे मोजत होती. पाण्यात पाय हलवताना ती नेहमी असेच मोजत असे.

मला आधी अर्थच लागला नाही. मग आत पाहिले. अव्वा बंबाजवळ रिकामा हंडा घेऊन उभी. अक्का जुने लुगडे नेसून टबात बसलेली, पाणी तिच्या कमरेच्या वर. आणि नळी माझ्या पिशवीत.

अव्वाने काय केले ते पुढे कळले. ती परत आली तेव्हा मी नव्हतो. टबात डोकावली, तांबडे कुठेच दिसेना, पांढरेच दिसले. पोराने सांगितल्याप्रमाणे काम केले, असे ती समजली. न्हाणीत खिडकी नाही, दार एवढाच उजेड, आणि अव्वाची नजर अधू. मिलची मधली सुटी अर्ध्या तासाची. पहिल्या भोंग्याला अक्काला पाण्यात बसवायचे आणि दुसऱ्या भोंग्याला काढायचे, असा आमच्या घरचा नेम होता. घड्याळ आमच्याकडे नव्हते. पहिला भोंगा होत आला म्हणून तिने सगळे पाणी ओतले होते. पाणी राहिले, मग तळाशी वाकून बघायचे कारणच काय?

मी गुडघे टेकले. टबाखालची शहाबादी फरशी कोरडी होती. टबाच्या पायांवर वाळलेली धूळसुद्धा तशीच. वाकून टबात पाहिले. आमच्या नळाला येणारे तलावाचे पाणी उन्हाळ्यात गढूळ असते, पण अव्वा चौपदरी फडक्यातून गाळून घेई, त्यामुळे तळ दिसत होता. अक्काच्या टाचांजवळ ते भोक होते. काळे, गोल, उघडे.

मला वाटले, चिंधी असेल. अव्वाने काहीतरी कोंबले असेल. मी हात टबाखाली घालून चाचपले. भोकाची कडा लागली, माझ्याच चाकूचे ओरखडे लागले. चिंधी नव्हती. मग मी बोट वर घातले.

बोट आधी हवेत होते आणि मग गरम पाण्यात गेले. मध्ये काही नव्हते. पडदा नाही, साय नाही. आपण वरून पाण्यात बोट बुडवतो तसेच, फक्त खालून. दुसऱ्या पेरापर्यंत आत घातले. मनगटावर एक थेंब ओघळला नाही.

वर अक्काचे मोजणे थांबले.

"टाचंला बोट कोण लावतंय रं?" ती म्हणाली, आणि वाकून पाण्यातल्या टाचेकडे बघू लागली.

अव्वाने हंडा खाली ठेवला. "काय म्हनालीस?"

"टाचंला... काय तरी लागलं, अव्वा."

मार्गशीर्षापासून त्या टाचेला काही लागले नव्हते. अव्वा टबाच्या कडेशी बसली आणि अक्काच्या केसांवरून हात फिरवू लागली. दोघींपैकी कोणी माझ्याकडे पाहिले नाही. मी बोट काढून घेतले. ते ओले होते. बाकी सगळे कोरडे. मी तळहात भोकाखाली पसरून तसाच बसून राहिलो, जणू पाणी सुटलेच असते तर मी ते हातावर धरणार होतो. भीती वाटली का, असे कोणी विचारील. वाटली, पण भुताची नव्हे. मी बोललो, हललो, शिंकलो, तर ते जाईल अशी. अक्का पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. मी तिच्या आकड्यांबरोबर मनात आकडे धरत गेलो. पाठीला रग लागली. नरसय्यामामांच्या मागाचा खटखट आवाज येत होता, तोही रोजचाच.

दुसरा भोंगा झाला. अव्वा म्हणाली, "ऊठ रं, धर हिला." आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून अक्काला बाहेर काढले. फरशीवर पाय टेकल्यावर तिने टबाची कड पकडली.

"सोडा," ती म्हणाली.

अव्वा सोडीना. अक्का पुन्हा म्हणाली, या वेळी जरा रागाने. आम्ही सोडले. ती पाच आकडे मोजून होईपर्यंत उभी राहिली. मग गुडघे वाकले आणि ती माझ्या अंगावर आली, पण हसत.

तिला खाटेवर नेऊन अव्वा परत आली आणि मला म्हणाली, बूच काढ, पाणी सोड. मी टबापासून दोन हात लांब उभा होतो. तेवढ्यात टबात भोवरा झाला. एरवी भोक उघडल्यावर होतो तसाच, आवाज करत. सगळे पाणी मोरीत निघून गेले. फार तर दोन मिनिटे लागली असतील.

"उघडलंस व्हय," अव्वा म्हणाली.

मी पिशवीतून नळी काढून तिच्यापुढे धरली. जे झाले होते ते चार वाक्यांत सांगितले. तिने नळी हातात घेतली, उलटी करून पाहिली, टबाच्या तळाला हात लावून पाहिला. मग घरात गेली. मी समजलो, रागावली. ती बाहेर आली ती अप्पांच्या हत्यारांच्या पेटीतला शेंदराचा डबा घेऊन. तो तिने माझ्या हातात न देता टबाच्या कडेवर ठेवला.

"अप्पास्नी सांग, हाय तेच लावा म्हनावं," ती म्हणाली. "आन् लावायच्या आदी हात धुवून घ्या म्हनावं."

संध्याकाळी अप्पांना सगळे सांगितले. आधी माझ्यावर चिडले, न विचारता काम उकरले म्हणून. मग कंदील घेऊन टबाखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाले की दोन बोटांच्या भोकातून आठ हंडे पाणी किती वेळात जाते ते त्यांना ठाऊक आहे. त्यांनी हात धुतले. साबणाने, कोपरापर्यंत. आणि शेंदूर कालवायला घेतला. ती लांबी पुढे आम्ही शनिवारपर्यंत सुकू दिली. त्यानंतर आजपर्यंत त्या टबातून थेंब गेलेला नाही, पण त्यात नवल काहीच नाही, अप्पांचे काम आहे ते.

रविवारी सासरे आले. अक्का चौकट धरून उभी राहिली, खाली वाकून त्यांना नमस्कार मात्र तिला करता आला नाही. ते बराच वेळ तिच्या पायांकडे बघत होते. मग पानाला चुना लावता लावता म्हणाले, "दिवाळीपातूर थांबतो. चालत आली तर घर तिचंच हाय. माज्यानं जास्त थांबवत न्हाय, सूनबाई, घरात बी ऐकायला लागतंय." अक्का हो म्हणाली. नीला जेवते का, एवढेच तिने विचारले.

जूनमध्ये मी पुण्याला परतलो. एकदा धीर करून कॉलेजातल्या एका डेमॉन्स्ट्रेटरना विचारले की उघड्या भोकावर पाणी थांबू शकते का. त्यांनी भोक केवढे ते विचारले. मी दोन बोटे दाखवली. भांडे वरून बंद असेल तर हवेच्या दाबाने थांबेल, म्हणाले. वरून उघडे होते, मी सांगितले. मग थांबणार नाही, ते म्हणाले, हे कोणत्या पुस्तकात वाचलेस? आमच्या घरी झाले, असे मी म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा ममतेने पाहिले आणि परीक्षा जवळ आली की झोप नीट घ्यावी असे सांगितले. ते बरोबर असतील. मी स्वतःलाही पुष्कळ उलटतपासले आहे. चिंधी असेल आणि ती माझ्या हाताला लागली नसेल. मी घाबरलो असेन. पण मग अक्काच्या टाचेला काय लागले? आणि डॉक्टर म्हणाले होतेच की नसा जाग्या होतील. त्या त्याच दिवशी झाल्या असतील, त्यात चमत्कार नाही. मला फक्त त्या अर्ध्या तासाचा हिशेब लागत नाही. अजूनही लागलेला नाही, आणि लागेल असे आता वाटत नाही.

दिवाळीत मी घरी गेलो नाही, परीक्षेच्या फीसाठी शिकवण्या धरल्या होत्या. घरून पत्र येईना. मी मधल्या काळात खोली बदलली होती, त्यामुळे कार्ड आधीच्या पत्त्यावर जाऊन पडले होते. ते हातात आले तेव्हा दिवाळी होऊन बरेच दिवस झाले होते. अक्षर आमच्या गल्लीतल्या मास्तरांचे, मजकूर अप्पांचा. येथील क्षेम लिहून खाली असे होते : वैरागहून गाडी आली, मी व तुझी आई सोबत गेलो. गौरा वेशीतच खाली उतरली. तिथून घरापर्यंत पायी गेली, कोणाचा हात धरला नाही, मध्ये दोनदा थांबली. दारात नीला होती. तिने आईस ओळखले नाही, तू कोण म्हणाली. गौरा तिच्यासमोर उंबऱ्यावर बसली व तिच्याशी काही बोलली, ते आम्हांस ऐकू आले नाही. मग पोरीस कडेवर घेऊन आपली आपण उठली.